शून्य सहा व्होल्टांवर

आईच्या भजनी मंडळाला बॅटरीवर चालणारा स्पीकर हवा होता. आषाढात या बायका गावाबाहेरच्या देवळात हरिपाठाला बसतात आणि पावसाचे चार थेंब पडले की तिथली वीज सगळ्यांच्या आधी घरी जाते. माझ्याकडे जुन्या यूपीएसमधली १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची बॅटरी पडून होती आणि कॉलेजात असताना एलए ४४४० या चिपवर बांधलेला अ‍ॅम्प्लिफायरही होता. दोन्ही जोडले. आवाज खणखणीत आला. पण दुसऱ्या-तिसऱ्या अभंगाला हीटसिंकवर बोट टेकवेना आणि भजन रंगात येईपर्यंत बॅटरीने मान टाकली.

ही गरमी कुठून येते हे समजायला जुन्या घरांतला पंख्याचा रेग्युलेटर आठवावा. भिंतीवरचा तो जाडजूड डबा पंखा हळू ठेवला की कोमट लागायचा. आत तारेची वेटोळी असत. पंख्याला नको असलेली वीज ती वेटोळी स्वतः खाऊन उष्णतेत घालवत. नेहमीच्या, म्हणजे क्लास-एबी अ‍ॅम्प्लिफायरमधला ट्रान्झिस्टर हेच करतो. गाण्याच्या चढउताराबरहुकूम तो अर्धवट उघडा राहतो. त्याच्या दोन टोकांत व्होल्टेजही असतं, त्याच्यातून करंटही वाहतो, आणि दोहोंचा गुणाकार म्हणजे बोटाला बसलेला तो चटका. पूर्ण ताकदीवर एकसारखा सूर धरला तर एबीची कार्यक्षमता कागदावर ७८.५ टक्क्यांपर्यंत जाते. पण पूर्ण ताकदीवर सतत कोण वाजवतं? ताकदीच्या आठव्या हिश्श्यावर तीच २८ टक्क्यांच्या आसपास येते. कानांना २ वॉट मिळावेत म्हणून बॅटरीतून सातेक वॉट ओढायचे आणि पाच हवेत सोडायचे.

क्लास-डी हा अर्धवटपणाच काढून टाकतो. (यातला ‘डी’ डिजिटलचा नव्हे. ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर डी होतं, इतकंच.) इथला ट्रान्झिस्टर नुसतं बटण असतो. तो पूर्ण चालू असला तर त्याच्यावर व्होल्टेज जवळपास उरत नाही आणि पूर्ण बंद असला तर करंट नाही. म्हणजे गुणाकारातली एक संख्या कायम शून्याजवळ. मग गाणं येतं कुठून? येणारा आवाज एका वेगवान त्रिकोणी लाटेशी सतत ताडून पाहिला जातो. आवाज वरचढ असेल तितका वेळ बटण चालू, नाहीतर बंद. सेकंदाला चार लाख वेळा ही उघडझाप चालते. एका फेरीतला किती वेळ बटण चालू होतं, त्या प्रमाणात गाणं दडलेलं असतं. पुढे एक कॉइल आणि एक कंडेन्सर उघडझापीची खडखड गाळून सरासरी तेवढी स्पीकरकडे सोडतात. १० मायक्रोहेन्रीची कॉइल आणि ०.६८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घेतला, तर साठ हजार हर्ट्झच्या वरचं गळू लागतं. आपले कान वीस हजारांवरच थांबतात.

कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९६४ मध्ये ‘एक्स-१०’ नावाचं असं किट विकायला काढलं होतं, पण त्या काळचे ट्रान्झिस्टर या वेगाला पुरे पडणारे नव्हते. पुढे कॅलिफोर्नियातल्या ट्रायपॅथ कंपनीच्या चिपांनी हौशी लोकांना वेड लावलं. त्यांतल्या टीए २०२० ला २००९ मध्ये ‘आयईईई स्पेक्ट्रम’ मासिकाने जग हलवणाऱ्या २५ चिपांत बसवलं. कंपनी मात्र २००७ मध्येच दिवाळखोरीत गेली होती.

मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून टीपीए ३११६ या चिपचा तयार बोर्ड आणला. साडेचार ते २६ व्होल्टांपर्यंत कुठल्याही एका सप्लायवर तो चालतो. या ‘एका’ शब्दात खरी गोम आहे.

स्पीकरचा पडदा पुढे ढकलायचा तसा मागेही ओढावा लागतो, म्हणजे अधिक आणि उणे दोन्ही व्होल्ट लागतात. बॅटरी एकच असली की उणे मिळत नाही. मग शून्यच उचलून मधोमध ठेवायचं. १२ व्होल्टांवर शांततेचा मुक्काम ६ व्होल्टांवर. क्लास-डीच्या भाषेत, बटण अर्धा वेळ चालू आणि अर्धा वेळ बंद म्हणजे शांतता. पण हे सहा व्होल्ट स्पीकरवर कायम बसले तर पडदा एका बाजूला ताणून राहील आणि कॉइल जळेल. ते अडवायला वाटेत मोठा कंडेन्सर घालतात. ४ ओहमच्या स्पीकरपुढे १००० मायक्रोफॅरडचा घातला तरी ४० हर्ट्झखालचा आवाज ओसरतो, आणि चालू करताना ‘धप्प’ होतं ते वेगळंच. शिवाय सहा व्होल्टांच्या झोक्यातून ४ ओहमवर साडेचार वॉट, यापलीकडे काही मिळत नाही.

यावरचा उपाय मला या सगळ्या कारभारात सर्वांत देखणा वाटतो. स्पीकरची दुसरी तार जमिनीला न बांधता तिलाही तसलाच दुसरा अ‍ॅम्प्लिफायर द्यायचा, उलट चालणारा. एक टोक नऊ व्होल्टांवर गेलं की दुसरं तीनवर. शांततेत दोन्ही टोकं सहावर, म्हणून स्पीकरला फरक जाणवतच नाही. कंडेन्सर नको, धप्पही नाही. झोका दुप्पट, म्हणून ताकद चौपट, कागदावर १८ वॉट. याला ब्रिज म्हणतात आणि नवा बोर्ड असाच चालतो. माझ्या जुन्या एलए ४४४० लाही हा ब्रिज जमतो, पण तिथे गरमीही चौपट होते.

हे सगळं माहीत असूनही मी जुन्या सवयीने स्पीकरची काळी तार डब्याच्या ग्राउंडला दिली. बोर्ड ‘टिक’ करून गप्प. पुन्हा टिक, पुन्हा गप्प. सहा व्होल्टांवर उभं असलेलं टोक मी सरळ जमिनीवर आपटत होतो आणि चिप बिचारी स्वतःला वाचवत होती. बोर्ड खराब निघाला म्हणून तणतणत दुकानात गेलो, तर काउंटरवरच्या पोराने वर न बघता विचारलं, “काका, मायनस बॉडीला दिलं ना?”

आणखी एक चिमुकली करामत सांगतो. आउटपुटला बॅटरीशी जोडणारं वरचं बटण नीट उघडायला त्याच्या गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, बॅटरीपेक्षाही जास्त व्होल्टेज लागतं. बारावर चालणाऱ्या वस्तूत ते आणायचं कुठून? आउटपुट खाली असताना एक छोटा कंडेन्सर भरून घेतात. आउटपुट वर गेलं की त्याच्या खांद्यावर बसून तोही वर जातो, पालखी बघायला बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरासारखा, आणि गेटला हवी ती उंची मिळते.

एक भानगड उरली. बोर्डाचा वेग चारशे किलोहर्ट्झ, त्याची दुप्पट आठशे, आणि वडिलांचा रेडिओ पुणे केंद्राच्या ७९२ वर लावलेला. दोघांच्या फरकाची शिट्टी बातम्यांत घुसली. चिपचे तीन पाय याचसाठी दिलेले असतात. त्यांची जोडणी बदलून वेग पाचशेवर नेला. स्पीकरच्या तारा आखूड करून एकमेकींत पिळल्या.

त्या रात्री भजन संपलं तेव्हा चिपवर अख्खा तळहात ठेवता येत होता आणि बॅटरीत जीव होता. आईने मात्र ऐकून सांगितलं, “अरे, टाळ चिरके येतात.” बरोबरच होतं. टाळांचा ठोका क्षणभर १८ वॉटांच्या वर मागत होता, आणि १२ व्होल्टांच्या छतावर असा अ‍ॅम्प्लिफायर उडी मारू शकत नाही. दुसऱ्या दिवशी मी माइक टाळकऱ्यांपासून दोन हात लांब सरकवला.