रात्रीचा आवंढा

"ताई, गिळा. अजून एक घोट. गिळा." नाकातून नळी आत जात असताना तंत्रज्ञ मुलगी एवढंच म्हणत राहते. स्ट्रॉने पाणी ओढायचं आणि गिळायचं. प्रत्येक घोटासरशी शेवईएवढी नळी थोडी खाली सरकते. डोळ्यांत पाणी येतं, पण दुखत नाही. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथली झडप नेमकी कुठे आहे, हे आधी दाब मोजून ठरवलेलं असतं. त्या झडपेच्या ५ सेंटीमीटर वर सेन्सर थांबवतात, नळी गालावर चिकटपट्टीने बसवतात आणि तिचं दुसरं टोक कमरेच्या छोट्या यंत्राला जोडतात. मग घरी जाऊन नेहमीसारखं जेवायचं, नेहमीसारखं झोपायचं. जेवायला बसताना, आडवं होताना, जळजळ झाली की यंत्रावरचं बटण दाबायचं. अन्ननलिकेतलं आम्ल असं २४ तास मोजून त्याचा हिशेब मांडण्याची रीत जॉन्सन आणि डीमीस्टर या अमेरिकी डॉक्टरांनी १९७४ मध्ये घालून दिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आलेख पडद्यावर लावला. अन्ननलिकेचा पीएच एरवी ६-७च्या आसपास असतो. तो ४च्या खाली गेला की जठरातलं आम्ल वर आलं असं धरतात. दुपारच्या जेवणानंतर रेष धाडकन खाली आली होती, पण लगेच पायऱ्या चढल्यासारखी वरही गेली होती. डॉक्टरांनी एकेका पायरीवर बोट ठेवलं. "हा एक आवंढा. हा दुसरा." आम्लाचा लोंढा अन्ननलिका स्वतःच खाली ढकलते, भिंतीला उरलेलं आम्ल मात्र लाळेतला क्षार हळूहळू मारतो. ती लाळ खाली पोचवतो आवंढा. जागेपणी आपण हे काम दिवसभर नकळत करत असतो.

रात्रीच्या भागात पायऱ्याच नव्हत्या. दोनच्या सुमारास रेष खाली आली आणि तळाशी लांबच लांब पडून राहिली. मग एकदम पायऱ्या सुरू झाल्या आणि त्यांच्या शेजारी मी बटण दाबल्याची खूण होती.

गाढ झोपेत लाळ जवळजवळ थांबते, आवंढे क्वचितच गिळले जातात, आडवं असल्यामुळे उताराचीही मदत नाही. झोपलेल्या माणसाच्या अन्ननलिकेतून आम्ल निघून जायला जास्त वेळ लागतो, हे विल्यम ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं. म्हणजे रात्री आम्ल कमी वेळा वर आलं तरी एकदा आलं की मुक्काम ठोकतं, आणि ते हटवण्याचा शरीराकडे खात्रीचा उपाय एकच: जागं होणं. आपण ज्याला झोपमोड म्हणतो ती इथे राखण असते.

म्हणूनच झोपेच्या गोळीची मला भीती वाटते. झोल्पिडेम दिल्यावर माणूस आम्लाने लवकर जागा होत नाही आणि आम्ल जास्त वेळ आत राहतं, असं २००९ च्या एका अभ्यासात दिसलं. गोळी घेणाऱ्याला सकाळी वाटतं, छान झोप झाली.

रात्री आम्ल वर येऊ नये म्हणून उशांची चळत रचून उपयोग नाही. मान वाकते, पोट दुमडतं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घालून तो १५ ते २० सेंटीमीटर उचलावा. डाव्या कुशीवर झोपावं, कारण तेव्हा जठर अन्ननलिकेपेक्षा खालच्या पातळीला राहतं. उजव्या कुशीवर उलटं होतं. जेवण आणि झोप यांत तीन तास हवेत, हे सांगायला सोपं. साडेदहाला लोकलमधून उतरणाऱ्याने ते जमवायचं कसं? त्याने निदान भरपेट जेवण दुपारी घ्यावं आणि रात्री थोडक्यात भागवावं. पॅन्टोप्राझोलसारखी गोळीही जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. कितीतरी घरांत ती जळजळ सुरू झाल्यावर तोंडात टाकतात. शिवाय तिने आम्ल कमी होतं, पण सैल झडप घट्ट होत नाही.

झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे जाणाऱ्याने किती वाजता जाग येते, तेव्हा तोंडाला आंबट-कडू चव असते का, खोकला येतो का, रात्री किती वाजता जेवतो, हे न विचारताही सांगावं. अन्न गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल तर विटा आणि कुशी बाजूला ठेवून लगेच तपासणी करावी.