म्हसोबा : ‘भ्रष्ट देव’ या संकल्पनेची चिकित्सा

मूळचा तेजस्वी देव पुढे दूषित होतो, महासर्पाचे वा अजस्र पशूचे रूप धारण करून जगाला ग्रासू पाहतो आणि अखेर वीराच्या हातून मारला जातो, हे कथासूत्र आजच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत व संगणकीय खेळांत वारंवार आढळते. त्यात एक गृहीत दडलेले असते : देवत्व आधीचे, भ्रष्टता नंतरची. मावळातील म्हसोबाच्या संदर्भात हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ‘असुर’ हा शब्दच पाहू. ऋग्वेदात वरुण, अग्नी, इंद्र यांना हे विशेषण गौरवार्थाने लावलेले आहे. उत्तरकालीन वाङ्मयात मात्र असुर हे देवांचे वैरी ठरतात. इराणी परंपरेत याच्या नेमके उलट घडते. अवेस्तात ‘अहुर’ पूज्य आहे, ‘दएव’ दुष्ट आहेत आणि इंद्राची गणना त्या दुष्टांत होते. तात्पर्य, देव कोण आणि दानव कोण, हे पुष्कळदा कथा सांगणाऱ्यावर अवलंबून असते.

मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्याने महिषासुर वध्य ठरविला. तुळजापूरची भवानी ही महिषासुरमर्दिनीच होय. परंतु त्याच महाराष्ट्रात शेताच्या बांधावर, शिवेवर, ओढ्याकाठी शेंदूर फासलेला तांदळा ‘म्हसोबा’ म्हणून पुजला जातो आणि पीक व गुरेढोरे यांच्या रक्षणासाठी त्याला नारळ, कोंबडे वाहिले जाते. महिष या शब्दाशी त्याच्या नावाचे नाते उघड आहे.

दा. ध. कोसंबी यांनी ‘मिथ अँड रिअॅलिटी’ (१९६२) या ग्रंथात पुणे परिसरातील अशा दैवतांचा मागोवा घेतला. देवी एके ठिकाणी महिषाला मारते, तर दुसरीकडे त्याचीच पत्नी असते, हे त्यांनी निदर्शनास आणले. पुरंदर तालुक्यातील वीर येथे म्हस्कोबाचा जोगूबाईशी होणारा विवाह हे त्याचे ठळक उदाहरण होय. मातृदेवतेचे उपासक आणि पशुपालक यांच्यातील संघर्ष व समेट कोसंबींना या दोन रूपांत दिसतो. ‘सटवाईला नव्हता नवरा नि म्हसोबाला नव्हती बायको’ ही म्हण या पार्श्वभूमीवर वाचली, तर तिच्यातील उपहास विधीबाहेरून पाहणाऱ्याचा आहे, असे वाटते. विधीत म्हसोबाला बायको आहे.

मावळात असे थर एकावर एक साचलेले दिसतात. भाजे येथील विहारात सूर्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिल्पात रथाखाली राक्षसाकृती चिरडली जाते. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशी एकवीरा उभी आहे आणि कोळी समाज तिच्या यात्रेस लोटतो. येथे आधीचे पुसून नंतरचे आलेले नाही. दोन्ही शेजारी नांदतात. आंदर मावळातील निगडे येथे जन्मलेल्या रा. चिं. ढेरे (१९३०–२०१६) यांनी दैवतांचा अभ्यास समन्वयाच्या अंगाने केला, याचे मर्म या भूमीत वावरताना उमगते.

म्हणूनच म्हसोबाला ‘पतित देव’ अथवा ‘उन्नत असुर’ म्हणणे, दोन्ही अपुरे आहे. पहिल्यात पोथी हीच मूळ मानली जाते. दुसऱ्यात देवपण पोथीने बहाल केले असे समजले जाते. पोथी रचणारा आणि बांधावर नारळ फोडणारा यांची साक्ष अभ्यासकाने सारख्याच गांभीर्याने नोंदविली पाहिजे. द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. आज मावळात शेतांच्या जागी वसाहती उभ्या राहत आहेत. बांध गेला की त्यावरील दैवताची कथाही जाते, म्हणून ही नोंद निकडीची आहे.

मराठीच्या अभ्यासकाला तर ‘भ्रष्ट’ या विशेषणाविषयी अधिकच सावध राहावे लागते. पतंजलीने ‘गौः’ या शब्दाच्या गावी, गोणी इत्यादी लोकरूपांना ‘अपभ्रंश’ म्हटले. भ्रष्ट ठरविलेल्या अशाच बोलींच्या परंपरेतून आपली भाषा घडली आहे.