हॉलिवूडच्या मानिनी



जुन्या हॉलिवूडच्या नट्यांविषयीं कोणी बोलूं लागलें, कीं ऐकणाराची अपेक्षा बहुधा ठरलेली असते. गार्बोच्या पापण्या, डीट्रिचचा आवाज, हेडी लामारचें रूप यांचें थोडें वर्णन व्हावें आणि शेवटीं ‘आतां तशा नट्या होणें नाहीं’ असा एक उसासा टाकावा. मी स्वतः या बोलपटांचा जुना नादी आहें, आणि तो उसासा मींही पुष्कळदां टाकला आहे. पण हे बोलपट पुनःपुन्हां पाहतां पाहतां एक निराळीच गोष्ट माझ्या ध्यानांत आली. या नट्यांचें म्हणून जें उत्तम काम मी समजतों, त्यांतलें बरेंचसें त्यांना सहजासहजीं मिळालेलें नव्हतें. त्याच्या आधीं कोठें तरी एक भांडण झालेलें होतें. नटीनें आपल्या मालकाला ‘नाहीं’ म्हटलेलें होतें.

‘मालक’ हा शब्द मीं जाणून वापरला. १९३० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत हॉलिवूडमध्यें पांच बड्या कंपन्यांचें राज्य होतें: मेट्रो-गोल्डविन-मेयर, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, फॉक्स आणि आर. के. ओ. चित्रण करण्याचे कारखाने त्यांचे, चित्रपट गांवोगांव पोंचविण्याची यंत्रणा त्यांची आणि मोठमोठीं चित्रपटगृहेंही त्यांचींच. मुंबईला धोबीतलावावर १९३८ सालीं उघडलेलें ‘मेट्रो’ हें याच मेट्रो कंपनीचें. नटनट्या या कंपन्यांच्या पगारी नोकर. करार सामान्यतः सात वर्षांचा, पण तो एकतर्फी. ठराविक मुदतीनें नटीला ठेवावें कीं काढावें हें कंपनीनें ठरवावयाचें. नटीला मात्र सात वर्षें संपेपर्यंत सुटका नाहीं. कंपनी सांगेल ती भूमिका करावयाची. कंपनीनें दुसऱ्या कंपनीला उसनी दिलें तर मुकाट्यानें तिकडे जावयाचें, आणि त्या उसनवारींतला नफा कंपनीनें खावयाचा. भूमिका नाकारली तर पगार बंद करून तिला घरीं बसवीत. खरी मेख यापुढेंच आहे. ज्या दिवसांत ती अशी घरीं बसली, ते सारे दिवस कराराच्या शेवटीं जोडले जात. जी अधिक नाकारील तिची बांधिलकी अधिक लांबावयाची. सावकाराच्या वहींतलें व्याज असेंच चालतें.

(आपल्याकडे हा प्रश्न नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. १९३९ सालीं शांता आपटे यांनीं कराराच्या वादावरून ‘प्रभात’च्या दारांत उपोषण केलें होतें, आणि पुढच्याच वर्षीं ‘जाऊं मी सिनेमांत?’ या नांवाचें पुस्तक लिहून पडद्यामागची नोकरी कशी असते तें सांगितलें होतें.)

हॉलिवूडच्या मानिनींत पहिलें नांव बेटी डेव्हिसचें. रूढ अर्थानें ती सुंदर नव्हे. डोळे मोठे, बोलणें तुटक, चालण्यांत एक प्रकारचा झटका. वॉर्नर ब्रदर्सना तिचें काय करावें हें बरेच दिवस उमजलें नाहीं. १९३४ सालीं आर. के. ओ. कडे उसनी जाऊन तिनें ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’मध्यें हॉटेलांत वाढण्याचें काम करणाऱ्या एका उद्दाम, कोत्या मनाच्या मुलीची भूमिका केली. नायिकेनें पडद्यावर इतकें कुरूप आणि इतकें दुष्ट दिसावें हें त्या काळीं नवल होतें. परत आल्यावर पुन्हां बहुतेक सुमार कामें! १९३६ सालीं लाकूडतोडीच्या एका कथेंतली भूमिका तिनें साफ नाकारली, आणि करार झुगारून ती इंग्लंडांत बोलपट करण्यास निघून गेली. कंपनीनें लंडनच्या न्यायालयांत दावा लावला. निकाल तिच्याविरुद्ध गेला, आणि त्यांतला युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. न्यायालय म्हणालें, वॉर्नरकडेच काम कर अशी सक्ती आम्ही करणार नाहीं. मात्र ठराविक काळ दुसऱ्या कोणाकडे अभिनय करावयाचा नाहीं, एवढी मनाई करूं. पोट भरावयास तिला इतर उद्योग आहेतच कीं! म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें तिनें शिवणकाम करून राहावयास हरकत नव्हती.

हरून ती परत गेली. पण ही बाई केवळ घाबरविल्यानें वळत नाहीं, हें कंपनीला कळून चुकलें होतें. नंतरच्या वर्षांत तिला मिळालेल्या भूमिका पाहाव्या: १९३८ चा ‘जेझबेल’, १९३९ चा ‘डार्क व्हिक्टरी’, १९४० चा ‘द लेटर’. यांतला ‘द लेटर’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचा आरंभ पाहा. मलायांतला रबराचा मळा, चांदणी रात्र. झाडाचा चीक भांड्यांत ठिबकतो आहे, मजूर झोपले आहेत. एकाएकीं गोळीचा आवाज होतो, एक माणूस झोकांड्या खात घराच्या पायऱ्यांवर येतो, आणि त्याच्यामागून हातांत पिस्तूल घेतलेली डेव्हिस येते. तो कोसळल्यावरही ती थांबत नाहीं. काडतुसें संपेपर्यंत गोळ्या झाडते, मग तिचा हात हळूहळू खालीं येतो. अजून तिनें एक शब्द उच्चारलेला नाहीं, तरी हा आत्मरक्षणासाठीं केलेला वध नव्हे हें आपण ओळखलेलें असतें. पुढचा सबंध चित्रपट ती खोटें बोलते आणि आपण तिच्या हातांतल्या लेसच्या विणकामाकडे पाहत राहतों. १९५० च्या ‘ऑल अबाउट ईव्ह’नंतर मात्र ती स्वतःचीच नक्कल करूं लागली असें माझें मत आहे. या मताबद्दल माझ्याशीं भांडणारे मित्र पुष्कळ आहेत.

कॅथरिन हेपबर्नचें ‘नाहीं’ व्यापाऱ्याचें होतें. १९३८ सालीं अमेरिकेंतल्या चित्रपटगृहांच्या कांहीं मालकांनीं एक जाहिरात छापून कांहीं तारकांना ‘तिकिटविक्रीचें विष’ ठरविलें. त्या यादींत हेपबर्न होती, गार्बो, डीट्रिच आणि जोन क्रॉफर्डही होत्या. म्हणजे संगत कांहीं वाईट नव्हती. हेपबर्ननें पैसे भरून आर. के. ओ. च्या करारांतून आपली सुटका करून घेतली, न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हें नाटक गाजविलें, आणि त्याचे चित्रपटाचे हक्क आपल्या हातीं राहतील अशी व्यवस्था केली. नाटक हवें तर नायिका मीच! मेट्रोनें दोन्ही घेतलीं, आणि १९४० चा तो बोलपट आजही ताजा आहे. बार्बरा स्टॅनविकनें तर कोणा एकाच कंपनीला स्वतःला बांधून घेण्याचें शक्यतों टाळलें. म्हणूनच १९३७ च्या ‘स्टेला डॅलस’मधली भडक कपड्यांची आई, १९४१ च्या ‘द लेडी ईव्ह’मधली पत्तेबाज ठकसेन आणि १९४४ च्या ‘डबल इन्डेम्निटी’मधली थंड रक्ताची खुनी बाई, इतका पल्ला एकाच नटीला गांठतां आला. ऑस्करसाठीं तिचें नांव चार वेळां पुढें आलें आणि चारही वेळां मागें पडलें. पुढें १९८२ सालीं तिला सन्मानार्थ एक देण्यांत आलें. माझ्या हातांत असतें तर चारांतलीं निदान दोन मीं तिला तेव्हांच देऊन टाकलीं असतीं.

आतां ज्या नटीसाठीं मुख्यतः मीं हा विषय घेतला तिच्याकडे वळतों. ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड. ‘गॉन विथ द विंड’मधली सोशिक मेलनी म्हणून ती आपणांपैकीं पुष्कळांना आठवत असेल. तरुणपणीं मला ती साखरेंत घोळलेली वाटे. एरॉल फ्लिनच्या तलवारबाजीच्या बोलपटांत खिडकीशीं उभें राहून वाट पाहणारी, गोड हंसणारी, कथेला विशेष उपयोग नसलेली. तिलाही स्वतःविषयीं नेमकें असेंच वाटत होतें, हें मला फार उशिरां कळलें. अशा भूमिका ती नाकारूं लागली, आणि वॉर्नर ब्रदर्सनीं नाकारलेले दिवस वहींत मांडून ठेवले. १९३६ सालीं झालेला तिचा करार १९४३ सालीं संपला, तेव्हां कंपनीनें सांगितलें कीं अजून पंचवीस आठवडे बाकी आहेत.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यांत एक कलम होतें: वैयक्तिक सेवेच्या करारानें कोणालाही सात वर्षांहून अधिक काळ बांधतां येणार नाहीं. कंपन्यांचें म्हणणें, सात वर्षें म्हणजे प्रत्यक्ष कामाचीं सात वर्षें. डी हॅव्हिलंडच्या वकिलानें म्हटलें, सात वर्षें म्हणजे पंचांगांतलीं सात वर्षें. सारा दावा एवढ्यावर होता. दावा चालूं असतांना तिला कोणी काम देऊं नये म्हणून वॉर्नरनीं इतर कंपन्यांना कळविलें, आणि जवळजवळ दोन वर्षें ती कॅमेऱ्यापुढें उभी राहिली नाहीं. नटीच्या आयुष्यांतलीं, तेंही सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमाराचीं, हीं दोन वर्षें. हरली असती तर तिचें नांव विसरलें गेलें असतें. १९४४ च्या डिसेंबरांत अपील न्यायालयानें पंचांगाच्या बाजूनें निकाल दिला, आणि १९४५ च्या आरंभीं वरिष्ठ न्यायालयानें प्रकरण पुन्हां ऐकण्याचें नाकारलें. तो निकाल आजही तिच्याच नांवानें ओळखला जातो. पुढें गायकवादकांनींही त्याचा आधार घेतला.

सुटका झाल्यावर तिनें काय केलें? १९४६ च्या ‘टू ईच हिज ओन’साठीं ऑस्कर, १९४८ चा वेड्यांच्या इस्पितळावरचा ‘द स्नेक पिट’, आणि १९४९ चा ‘द हेअरेस’. हा शेवटचा बोलपट ज्यांनीं पाहिला नसेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याचें न्यूयॉर्क. एका श्रीमंत डॉक्टरची कॅथरिन ही एकुलती मुलगी, रूपानें सामान्य, बोलण्यांत अवघडलेली. बाप तिला दिवसांतून दहा वेळां, फार सभ्यपणें, तिच्या मृत आईची आठवण करून देतो. एक देखणा, कफल्लक तरुण तिला मागणी घालतो. बापाची इस्टेट सोडून त्याच्याबरोबर पळून जाण्यास ती निघते, सामान घेऊन रात्रभर वाट पाहते, आणि तो येत नाहीं. पहांटे ती बॅग उचलून जिना चढूं लागते. सांगतात, कीं हा प्रसंग अनेकदां घेऊनही दिग्दर्शक विल्यम वायलरचें समाधान होईना. चिडून तिनें हातांतली बॅग फेकली, तेव्हां ती रिकामी आहे हें त्याच्या लक्षांत आलें. त्यानें तींत जड पुस्तकें भरविलीं. पडद्यावर आपणांस दिसतें तें ओझें खरें आहे.

वर्षांनीं तो तरुण परत येतो. कॅथरिनचा आवाज आतां खालच्या पट्टींत गेलेला आहे. गोडवा तोच, पण ऊब उरलेली नाहीं. ती त्याला आशा लावते, कशिद्याचा शेवटचा टांका घालते, दोरा कातरते, दाराला आंतून अडसर घालावयास मोलकरणीला सांगते, आणि दिवा घेऊन तोच जिना चढूं लागते. बाहेर तो दार ठोठावीत असतो. तिच्या चेहऱ्यावर राग नसतो. असतें तें समाधान, आणि म्हणूनच तो चेहरा पाहवत नाहीं. मेलनी करणाऱ्या मुलीच्या ठायीं ही बाई दडलेली होती, हें तिच्या मालकांना सात वर्षांत दिसलें नव्हतें, आणि मलाही नाहीं.

मात्र प्रत्येकीला न्यायालयाची वाट खुली नव्हती. वायलरच्याच १९३९ च्या ‘वुदरिंग हाइट्स’मधली नायिका मर्ल ओबेरॉन ही आपल्या मुंबईंत १९११ सालीं जन्मली. कलकत्त्याला वाढली आणि तेथून लंडनला गेली. तिच्या घराण्यांत सिंहली रक्त होतें. त्या काळच्या अमेरिकन बोलपटांच्या नीतिनियमांत काळ्यागोऱ्यांचें प्रेम दाखविण्यास बंदी होती, आणि व्यवहारांत ती बंदी आशियाई लोकांपर्यंतही पोंचत असे. चिनी वंशाची ॲना मे वाँग ही अमेरिकेंतच जन्मलेली कसलेली नटी. पण चीनच्याच शेतकऱ्यांवर निघालेल्या १९३७ च्या ‘द गुड अर्थ’मध्यें नायक पॉल मुनी हा गोरा, म्हणून नायिकाही गोरीच घेतली गेली. असल्या व्यवस्थेंत मर्ल ओबेरॉनच्या प्रसिद्धिकारांनीं तिचें जन्मस्थान टास्मानिया म्हणून सांगितलें, आणि तिनें तें जन्मभर सांभाळलें. जिनें तिला वाढविलें ती सांवळी बाई लंडनच्या घरांत पाहुण्यांना मोलकरीण म्हणून दाखविली जाई, असें तिच्या चरित्रकारांनीं लिहिलें आहे. १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठीं तिचें नांव ऑस्करला गेलें, आशियाई वंशाची नटी म्हणून ती त्या यादींत पहिली, हें मात्र तेव्हां कोणालाच ठाऊक नव्हतें.

१९७८ सालीं टास्मानियांतील होबार्ट शहरानें आपली कन्या म्हणून तिचें स्वागत केलें. त्या समारंभाला ती गेली. पुढच्या वर्षीं ती वारली, आणि मुंबईचें नांव छापून आलें तें त्यानंतर चार वर्षांनीं.