मोडेमची पारख व मांडणी

माहिती वेळेवर हाती आली तरच तिचा उपयोग होतो. उसाचे वजन किती भरले, खताचा हिशेब कसा झाला, हे समजण्यासाठी शेतकऱ्यास साखर कारखान्यापर्यंत खेप घालावी लागे. ही खेप वाचावी म्हणून कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांचा प्रकल्प हाती घेण्यात आला. भारतात इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळी संगणकास बाहेरच्या जगाशी जोडण्याचे नेहमीचे साधन म्हणजे टेलिफोनची तार व मोडेम.

आज मोबाईलमुळे ही पद्धत मागे पडली आहे. तथापि गव्हाण (ता. पनवेल) सारख्या गावी एखाद्या घरी वा शाळेत जुना संगणक, मोडेम आणि तांब्याच्या तारेचा टेलिफोन शिल्लक असेल, तर दोन ठिकाणचे संगणक अजूनही परस्परांस जोडता येतात.

मोडेमची निवड : संगणक आकड्यांत बोलतो, टेलिफोनची तार मनुष्याच्या आवाजासाठी घातलेली असते. मोडेम आकड्यांचा आवाज करतो व पलीकडचा मोडेम त्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. काही स्वस्त अंतर्गत मोडेम हे काम स्वतः न करता विंडोजमधील कार्यक्रमावर सोपवितात. असे मोडेम लिनक्सवर बहुधा निरुपयोगी ठरतात. यास्तव सीरियल तारेने जोडावयाचा बाहेरचा मोडेम पसंत करावा.

मांडणी : प्रथम मोडेम सीरियल तारेने संगणकास व दुसऱ्या तारेने टेलिफोनच्या खोबणीस जोडून चालू करावा. डेबियन पद्धतीच्या लिनक्सवर आपले खाते ‘डायलआउट’ गटात घालावे. नंतर मिनीकॉम हा कार्यक्रम उघडून ‘एटी’ ही अक्षरे पाठवावीत. ‘ओके’ असे उत्तर आले म्हणजे मोडेम सुस्थितीत आहे असे समजावे. पुढे वीव्हडायल या कार्यक्रमात फोन क्रमांक, खात्याचे नाव व परवलीचा शब्द भरावा. मोडेमने ‘डायलटोन नाही’ असे कळविले, परंतु फोनमध्ये तो ऐकू येत असेल, तर आज्ञेत ‘एक्स३’ ही खूण घालावी. पलीकडच्या लिनक्स संगणकावर फोन उचलणारा एमगेटी हा कार्यक्रम व पीपीपीची सोय असणे आवश्यक आहे.

वेग व काळजी : दोन साध्या मोडेमांमधील वेग सेकंदास जास्तीत जास्त ३३,६०० बिट असतो. दहा हजार अक्षरांचा इंग्रजी मजकूर सुमारे तीन सेकंदांत जातो. दहा लाख बाइटांच्या छायाचित्रास मात्र चार मिनिटे लागतात. म्हणून मजकूर पाठवावा, चित्रे टाळावीत. पावसाळ्यात तारेच्या सांध्यांत ओल शिरल्यास खरखर वाढते व वेग घटतो. खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत सांधे लवकर गंजतात. ते पावसापूर्वी तपासून घ्यावेत. विजा चमकत असताना मोडेमची तार काढून ठेवावी.

हा धडा मोडेमपुरताच नाही. पंपाचा स्वयंचलित खटका असो वा पर्जन्यमापक यंत्र असो, ते एकाच कंपनीच्या कार्यक्रमावाचून अडते काय, हे विकत घेण्यापूर्वी विचारावे. बियाणे पारखून घेणाऱ्या शेतकऱ्याने यंत्रही तसेच पारखून घ्यावे.