दहा बाय दहाच्या खोलीतला खर्ज

डग्ग्यावर मनगटाचा दाब देत हात पुढे सरकवला की घुमारा वर चढतो. मैफलीत तो छातीत जाणवतो. घरच्या स्टिरिओवर तीच बैठक लावली की पुष्कळदा नुसती ‘टप’ ऐकू येते. मग यंत्राला दोष देऊन जास्त वॅटचा अँप्लिफायर आणला जातो. घुमारा तरीही सापडत नाही.

बहुतेक वेळा घोळ खोलीत असतो.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झवर कंप पावते; तिच्या एका लाटेची लांबी भरते जवळजवळ २८ फूट. आपल्या फ्लॅटमधली खोली मात्र दहा बाय दहाची. ५७ हर्ट्झच्या आसपासच्या लाटेची निम्मी लांबी बरोबर दहा फूट होते, म्हणून ती समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठाण मांडते. भिंतीपाशी दणदणीत, मधोमध जवळपास गायब! खोली चौरस असल्यामुळे हा स्वर लांबीतूनही बळावतो आणि रुंदीतूनही. एक स्वर घणघणतो आणि त्याच्या जवळचा विझतो, तो असा.

खुर्ची खोलीच्या मधोमध असेल तर ती आधी दोन-अडीच फूट मागे ओढून पाहावी. भिंतीला मात्र टेकवू नये. तिथे खर्ज फुगतो. एवढ्या बदलानेही ओळखीचं गाणं वेगळं ऐकू येतं.

सबवूफर असेल तर त्याची जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे आणि ती खरोखर फळते. सबवूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायचा, खर्जाच्या चालीचं एखादं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जायचं. कोपऱ्यात आवाज सर्वांत मोठा, पण बहुधा गढूळ. जिथे प्रत्येक स्वर सारख्या वजनाने ऐकू येतो, तिथे सबवूफर ठेवायचा. वाजणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी त्या दोन जागांमधलं ध्वनीचं नातं तेच राहतं, म्हणून हे जमतं.

जाड पडदे, सतरंजी यांनी टाळ-झांजांची धार मऊ होते. खर्जाला त्यांचा फारसा अटकाव होत नाही.

वायरीही तपासाव्यात. एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी लागली, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोघांचे खर्ज एकमेकांना खाऊन टाकतात. रेडिओवरच्या बातम्या लावाव्यात: निवेदकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधून न येता खोलीभर विरलेला वाटला, तर एकाच स्पीकरची वायर उलटवून पाहावी.

रात्री आवाज कमी केला की खर्ज आधी नाहीसा होतो, त्याचं कारण मात्र कानात आहे. हळू आवाजात कानाला खालचे स्वर फार कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं. जुन्या अँप्लिफायरवरचं ‘लाउडनेस’ बटण त्यासाठीच होतं. रात्री ते दाबावं, सकाळी आवाज वाढवताना बंद करावं.