सीएनसी राउटरचा कट खराब येतोय? आधी भुगा बघा

लॅबमध्ये छोटा सीएनसी राउटर असेल, तर कधी ना कधी तो तुमच्या वाट्याला येणारच. बाहेरून ॲक्रिलिकचे सेल बनवून घ्यायला वेळ आणि पैसे दोन्ही लागतात, मग गाइड म्हणतात, "तूच कापून बघ ना." माझंही असंच झालं. ५ मिमी रुंद आणि ०.५ मिमी खोल चॅनल असलेले पाच फ्लो सेल मी कापले. कडा वितळलेल्या होत्या, तळ खरबरीत होता, पण गळत नव्हते म्हणून वापरले. एकाच फ्लोला प्रत्येक सेलमध्ये दाब मात्र वेगळा! दोन आठवडे मी पंपाला, नळ्यांना आणि द्रावणाला दोष देत बसले. शेवटी खोली मोजली, तर एका सेलमध्ये ती ०.४५ मिमी निघाली.

एवढ्याशा फरकाने काय होतं? रुंद आणि उथळ चॅनलमध्ये प्रवाहाला होणारा रोध खोलीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. खोली १० टक्के कमी झाली की रोध साधारण ३७ टक्के वाढतो. मी वहीत निरीक्षण म्हणून जे लिहीत होते, ती राउटरची चूक होती. तेव्हा कट नीट आलाय का, हे रीडिंग घेण्याआधी तपासायचं.

सुरुवात भुग्यापासून करा. सुटे, छोटे छिलके पडत असतील तर कटर खरंच कापतोय. पिठासारखा भुगा पडत असेल तर तो घासतोय. कटरला चिकट गोळे लागले असतील तर ॲक्रिलिक वितळतंय. कट खराब आला की आपण सगळे आधी फीड कमी करतो. ॲक्रिलिकमध्ये नेमकं हेच उलटं पडतं, कारण उष्णता बाहेर नेण्याचं बरंचसं काम छिलका करतो. छिलका फार पातळ झाला की उष्णता कटरजवळच साठते.

छिलक्याच्या जाडीचा अंदाज सोप्या भागाकाराने येतो: फीडला फेरे आणि धारांच्या गुणाकाराने भागा. माझी पहिली सेटिंग होती दोनधारी कटर, मिनिटाला २४,००० फेरे आणि ६०० मिमी फीड. म्हणजे प्रत्येक धार फक्त ०.०१२५ मिमी कापत होती. घाबरून मी फीड ३०० केला, तर वितळणं आणखी वाढलं. नंतर ३ मिमीचा एकधारी कटर लावला, फेरे १२,००० आणि फीड ९०० केला. आता प्रत्येक धारेला ०.०७५ मिमी मिळायला लागले आणि छिलके सुटे पडले. शीट कास्ट आहे की एक्स्ट्रुडेड, हेही विचारून घ्या. एक्स्ट्रुडेड लवकर वितळते.

आता टूलपाथ. कटर सरळ खाली घुसवला की तो एका जागी फिरत राहतो आणि तिथेच डाग पडतो, म्हणून उतरताना रॅम्प द्या. भिंती एका दमात कापू नका. छोट्या राउटरची फ्रेम वाकते, त्यामुळे माप हुकतं. आधी ०.२ मिमी थर सोडून पॉकेट मोकळं करा, मग भिंतीवरून शेवटचा फेरा क्लाइंब दिशेने मारा. नेहमीच्या स्पिंडलला ही दिशा पॉकेटच्या आत घड्याळाच्या उलट आणि बाहेरच्या कडेवर घड्याळाप्रमाणे असते. मशीनच्या स्क्रूमध्ये ढिलाई असेल तर क्लाइंबमध्ये कटर जॉबला ओढतो. थर पातळ ठेवायचा तो याचसाठी.

माझ्या ०.४५ चं कारण मात्र टूलपाथमध्ये नव्हतंच. मी झेडचा शून्य शीटच्या एकाच कोपऱ्यावर घेतला होता आणि खालचा एमडीएफ सपाट नव्हता. उपाय साधा आहे. एमडीएफ राउटरनेच एकदा सपाट करून घ्या. शीट बसवल्यावर, स्पिंडल बंद ठेवून, त्याला डायल गेज लावा आणि चॅनलच्या पूर्ण लांबीवरून फिरवा. काटा हलला तर शीट पुन्हा बसवा. तळाला शेजारशेजारच्या फेऱ्यांमध्ये पायरी जाणवत असेल, तर स्पिंडल काटकोनात आहे का ते बघा.

शेवटचं, आणि हे फक्त राउटरपुरतं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. मी एका संध्याकाळी कटर, फीड आणि शीट तिन्ही बदलले होते. कट सुधारला, पण कशामुळे ते कळलंच नाही, आणि सगळं पुन्हा करावं लागलं. टाकाऊ तुकड्यावर २० मिमीची छोटी खाच कापा, गॉगल घाला, सेटिंग वहीत लिहा आणि भुग्याची चिमूट पारदर्शक पिशवीत भरून त्याच पानाला चिकटवा. आणि प्रत्येक सेलची खोली दोन्ही टोकांना आणि मध्ये मोजून त्याच्या नंबरासमोर नोंदवा. रीडिंग विचित्र आलं की पहिल्यांदा ते पान उघडा, पंप नंतर.