खोलीला विचारले का?

लग्नपत्रिकेवर मंगल कार्यालयाचे नाव छापले म्हणजे कार्यालय आपले झाले, असे कोणी मानीत नाही. आधी माणूस तिथे जातो, तारीख मोकळी आहे का ते विचारतो, इसार देतो आणि मालकाच्या वहीत नाव पडल्यावरच छापखान्याची पायरी चढतो. हे शहाणपण खेड्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. पण आमच्यासारखा शिकलेला माणूस संगणकापुढे बसला की नेमका हेच विसरतो. मी विसरलो होतो, म्हणूनच आज या विषयावर बोलतो आहे.

झाले असे. वसतिगृहातल्या मुलांच्या पालकांची सभा मी महाविद्यालयात बोलावली होती. वेळ सकाळी अकराची. पालक सगळे आसपासच्या गावांतले. कोणी पहिली एस. टी. धरून आलेले, कोणी दिवसाचा रोज बुडवून आलेले. येऊन पाहतो तो खोलीत दुसऱ्याच विभागाची बैठक चाललेली आणि माझे पालक व्हरांड्यात उभे! माझा पारा चढला. तडक कचेरीत गेलो आणि आमच्या भाऊसाहेबांना, म्हणजे कारकुनांना, चार लोकांदेखत वाटेल ते बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, खोलीच्या कॅलेंडरात तुमचं नावच नाही. तुम्ही खोलीला विचारलं होतं का?"

खोलीला विचारायचे? मला ती थट्टा वाटली. पण ती थट्टा नव्हती.

आजकाल पुष्कळ कचेऱ्यांत आणि महाविद्यालयांत ईमेलबरोबरच कॅलेंडर असते आणि सभेची खोलीही त्यातूनच राखून ठेवतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या व्यवस्थेचेच उदाहरण घेऊ. तिच्या २००७ च्या आवृत्तीपासून खोलीला स्वतःची वेगळी टपालपेटी देण्याची सोय आहे. म्हणजे खोलीलाही माणसासारखा ईमेलचा पत्ता आणि स्वतःचे कॅलेंडर असते. आपण सभेचे आमंत्रण धाडताना माणसांबरोबर खोलीलाही आमंत्रण धाडायचे. मग त्या पेटीवर बसलेला एक यांत्रिक कारकून, असे समजा, आपली वही पाहतो. वेळ मोकळी असली तर होकार, नसली तर नकार, असे उत्तर तो देतो. त्याला भीड नाही आणि वशिलाही नाही. मात्र तारतम्यही नाही. घालून दिलेल्या नियमापलीकडे तो काही जाणत नाही. खोलीचे बहुतेक घोटाळे इथूनच निघतात.

पहिला घोटाळा माझाच. आमंत्रणाच्या कागदावर 'ठिकाण' अशी एक ओळ असते. मी त्या ओळीत खोलीचे नाव टाईप केले आणि निश्चिंत झालो. ते नाव पालकांना कळवायला उपयोगी पडले, पण खोलीला त्याचा पत्ताही नव्हता. लग्नपत्रिकेवर नाव छापले, वहीत तारीख पडलीच नाही! उपाय सोपा आहे. खोली यादीतून निवडावी, ती आमंत्रितांत दिसते का ते पाहावे आणि तिचा होकार आल्याशिवाय खोली आपली समजू नये.

दुसरा घोटाळा उत्तर न वाचण्याचा. काही खोल्या अशा असतात की त्यांचा होकार माणसाच्या हाती ठेवलेला असतो. प्राचार्यांची खोली घ्या. तिथे विनंती आधी नेमलेल्या माणसाकडे जाते आणि तोवर मिळणारे उत्तर 'तात्पुरते' असते. तो गृहस्थ रजेवर गेला तर विनंती तशीच पडून राहते. आपण मात्र 'उत्तर आले' एवढेच पाहतो, काय आले ते पाहत नाही.

तिसरा घोटाळा दर आठवड्याच्या सभांचा. समजा एका शिक्षकाने दर सोमवारची सभा वर्षभरासाठी एकदम टाकली आणि खोलीने साफ नकार दिला. तो म्हणतो, "अहो, खोली तर रिकामी दिसते!" रिकामी असेलही. पण नियम बदलले नसतील तर ही व्यवस्था १८० दिवसांपलीकडचे स्वीकारत नाही आणि मालिकेचा शेवट त्यापुढे गेला की सगळी मालिकाच परत धाडते. तसेच त्यातल्या एकाच सोमवारी खोली दुसऱ्याची असली, तरीही सगळी मालिका नाकारली जाते. एका सभेची कमाल मुदतही १४४० मिनिटे, म्हणजे २४ तास असते. म्हणून दोन दिवसांचे शिबिर एकाच आमंत्रणात मावत नाही, प्रत्येक दिवसाचे वेगळे टाकावे लागते. हे आकडे व्यवस्थापकाला बदलता येतात. तेव्हा यंत्राशी भांडण्यापेक्षा आपल्याकडे नियम काय ठेवला आहे, ते त्याला विचारावे. काही ठिकाणी थोड्या टकरी चालवून घेण्याची सवलत असते. तिथे मालिकेला होकार मिळतो, पण टक्कर झालेल्या तारखा वगळलेल्या असतात. म्हणून होकाराचे पत्रही शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

चौथा घोटाळा उलटा. कॅलेंडरात खोली भरलेली आणि दार उघडून पाहावे तर आत कोणी नाही! असे का होते? सभा बोलावणाऱ्याने ती स्वतःच्या कॅलेंडरातून पुसली, पण रद्द झाल्याची सूचना खोलीला धाडली नाही. लग्न मोडले आणि कार्यालयाला कोणी कळवले नाही, त्यातलाच प्रकार. नाहीतर बोलावणारा बदलून गेला किंवा निवृत्त झाला आणि त्याची दर आठवड्याची सभा मागे राहिली. माणूस गेला तरी खोली त्याची वाट पाहतच असते. म्हणून प्रत्येक मालिकेला शेवटची तारीख घालावी आणि जाणाऱ्या माणसाचे खाते बंद करण्यापूर्वीच त्याच्या पुढच्या सभा व्यवस्थापकाकडून रद्द करून घ्याव्यात.

पाचवा घोटाळा घड्याळाचा. भारताची प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. संगणकावर प्रदेश चुकीचा निवडला असला, तर आपण टाकलेली सकाळची दहाची सभा खोलीच्या वहीत दुपारी साडेतीनला जाऊन बसते. फरक नेमका साडेपाच तासांचा दिसला, की चोर सापडला म्हणून समजा.

आणि एक गोष्ट अशी, की जी घोटाळा वाटते पण नसते. खोलीच्या कॅलेंडरात पुष्कळदा सभेचा विषय दिसत नाही, बोलावणाऱ्याचे नाव तेवढे दिसते. आपली सभा कोणी पुसली, अशी ओरड करू नये. विषय खाजगी असू शकतो, म्हणून खोलीने तो झाकून ठेवावा अशी मूळचीच योजना आहे.

आता हे सगळे पाठ करण्याचे कारण नाही. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तीन प्रश्न तेवढे एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावेत. खोलीला आमंत्रण गेले का? तिने काय उत्तर दिले? ते उत्तर कोणत्या नियमाने दिले? याच क्रमाने विचारत गेले की चूक बहुधा सापडते. आणि सापडेपर्यंत कोणाला दोष देऊ नये.

हे शेवटचे वाक्य मी मुद्दाम बोलतो आहे. त्या दिवशी पालकांची सभा आम्ही व्हरांड्यातच घेतली, पण तासभर उशिरा. एक आजोबा नातवाच्या खानावळीच्या पैशांबद्दल विचारायला आले होते. त्यांची परतीची गाडी दुपारची होती. पाळी येण्याआधीच ते पिशवी उचलून गेले. कचेरीत "संगणकाचा घोळ झाला" असे म्हणणे सोपे असते. पण त्या घोळाचे भाडे अशा माणसाने भरलेले असते आणि त्याला तर संगणक दिसलेलाही नसतो. म्हणून श्रोतेहो, कोणी तुम्हाला कचेरीतून असे सांगून परत पाठवू लागला, तर नम्रपणे जरूर विचारा, "साहेब, खोलीचा होकार आला होता का?"

दुसऱ्या दिवशी मी त्याच चार लोकांदेखत भाऊसाहेबांची क्षमा मागितली आणि आजोबांना फोन करून त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले. आता सभा ठरली की मी आधी खोलीचा होकार पाहतो आणि मगच गावोगावी निरोप धाडतो. आपणही तसेच करावे, एवढे सांगून रजा घेतो.